वर्गातले लक्ष आणि ताटातली भाकर



व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा हेच विचारले की, माणूस तर चुकला नाही ना तुमचा? या व्यासपीठावर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने झालेली आहेत, आणि त्यांतली कित्येक मी त्या मागच्या भिंतीशी उभा राहून ऐकलेली आहेत. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. त्यापुढचे अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये, मालधक्क्यावर आणि वाचनालयाच्या लांब टेबलावर झाले. तीसएक वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो आहे. आधी हमाल आणि जिनिंगचे मजूर, मग अंगणवाडीच्या बाया, आणि अलीकडे शाळांतून पोषण आहार शिजविणाऱ्या बाया अशी माझी वाटचाल झाली. अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांच्या बाहेर मला कोणी फारसे ओळखत नाही, आणि ओळखावे असे काही कारणही नाही.

चालकांनी विषय दिला तो असा: मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही, ती एका जागी बसत नाहीत, या तक्रारीवर खाण्यापिण्याचा आणि शक्तीच्या औषधांचा काही उपयोग होतो काय? हा विषय डॉक्टरांचा आहे. मी डॉक्टर नाही, आणि मी सांगतो म्हणून कोणी घरी जाऊन मुलाला औषध सुरू करू नये, हे आधीच बजावून ठेवतो. मग मी होकार का दिला? तर या बाबतीत मी एकदा स्वतः फसलो, आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्या विश्वासावर बारा बाया फसल्या. ती गोष्ट मला कोठेतरी चारचौघांत सांगायचीच होती.

आठ-नऊ वर्षे झाली असतील. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बायांची बैठक आमच्या कार्यालयात होती. कार्यालय म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक कपाट आणि दोन सतरंज्या. बैठक उठताना एक बाई मागे राहिली. म्हणाली, "भाऊ, मास्तर म्हणते का पोट्ट्याचं ध्यानच नाई. एका कानानं आयकते अन् दुसऱ्या कानानं सोडते. डोक्याच्या डॉक्टरले दाखवा म्हणते. माह्यं लेकरू येडं हाय का, भाऊ?" मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. मी तिला धीर दिला. दुसऱ्याच आठवड्यात एक गृहस्थ माझ्याकडे आले. गळ्यात टाय, हातात बॅग. बॅगेत एका पावडरीचे डबे. डब्यावर चष्मा घातलेल्या हुशार मुलाचे चित्र आणि 'एकाग्रता', 'स्मरणशक्ती', 'बुद्धीचा विकास' असे ठळक अक्षरांतले शब्द. त्यांनी मला सांगितले की कामगारांच्या मुलांसाठी म्हणून हप्त्याने देतो. मला वाटले, चला, आपल्या बायांच्या मुलांचे काही भले होईल. मी त्यांना पुढच्या बैठकीत दहा मिनिटे बोलू दिले. बारा बायांनी डबे घेतले. त्या बाईनेही घेतला. महिन्याला हातात येणाऱ्या तिच्या मानधनाचा मोठाच हिस्सा त्या डब्यात गेला.

डब्यावर लिहिले होते, दोन चमचे एक पेला दुधातून. आता मला सांगा, तिच्या घरी पेलाभर दूध कोठून यायचे? तिने पावडर पाण्यात कालवून पोराला पाजली. दोन महिन्यांनी डबा संपला, हप्ते चालू राहिले, आणि मास्तरांची तक्रार होती तशीच राहिली. तेव्हा कोठे मी तो रिकामा डबा घेऊन खिडकीशी बसलो आणि मागची बारीक अक्षरे भिंग लावून वाचली. त्यात साखर आणि भाजलेल्या धान्याचे पीठ हाच मोठा भाग होता. मालकाशी झालेला करारनामा मी कधी न वाचता सही केला नाही, आणि येथे मात्र माझी सर्व हुशारी त्या टायवाल्यापुढे गहाण पडली होती.

मग शरमेपोटी मी स्वतः त्या मुलाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. तेथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मुलाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखे पाहिली आणि विचारले, "सकाळी काय खातो?" आई म्हणाली, "चहा-टोस्ट." "किती वाजता?" "मी कामाले निघतो तवा. सातले." "मग त्यानंतर?" "मंग शाळेतली खिचडी." खिचडी दीडला. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठाच्या आत. त्या वयाच्या मुलाला ते साडेअकरा तरी असावे लागते. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "काका, याचे लक्ष कोठून लागणार? हा वर्गात बसून राहतो हेच पुष्कळ आहे."

मंडळी, मी घरी येताना रस्ताभर हिशेब करीत होतो. सकाळी सात ते दुपारी दीड म्हणजे साडेसहा तास. आम्हां संघटनेच्या माणसांना तासांचा हिशेब चटकन समजतो, कारण आमची सगळी चळवळच मुळी तासांपासून सुरू झाली. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांना गोळा केले आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. त्यातल्या मागण्या कोणत्या होत्या? आठवड्याला एक दिवस सुट्टी, आणि दुपारी अर्धा तास विसावा. अर्धा तास! भाकर खायला. त्या अर्ध्या तासासाठी माणसांना झगडावे लागले. पुढे स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने नियम घातला की, कोणत्याही कामगाराला सलग पाच तासांहून जास्त राबवू नये, मध्ये निदान अर्ध्या तासाची सुट्टी द्यावी, आणि अडीचशेहून जास्त कामगार असतील तेथे उपाहारगृह ठेवावे. हा कायदा काही मालकांच्या दयाबुद्धीने झाला नाही. रिकाम्या पोटी माणूस काम बिघडवतो, बोट यंत्रात घालतो, हे सर्वांना दिसत होते. उपाशी कामगाराला आपण आळशी म्हणत नाही, निदान आता म्हणत नाही. मग उपाशी पोराला मठ्ठ कसे म्हणतो?

मला येथे माझीही एक आठवण सांगू द्या. माझी आई जिनिंगमध्ये रुई वेचायची. सकाळी घरात काळा चहा असायचा, दूध असले तर तांबडा. आठवीत मी शेवटच्या बाकावर बसत असे. गणिताच्या तासाला फळ्यावरची अक्षरे मला हलताना दिसत. गुरुजी मला 'दगड' म्हणत, आणि मीही ते खरे धरून चाललो. वार्षिक परीक्षेनंतर मी दप्तर टांगले ते टांगलेच. ते गुरुजी वाईट नव्हते. त्यांना माझ्या डोक्याची काळजी होती, पोटाचे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. पुढे जिनिंगमध्ये लागल्यावर दोन वेळा भाकर मिळू लागली आणि विशीत मी वाचनालयात तासन् तास बसून पुस्तके वाचू लागलो. तेव्हा हा दगड कसा काय पाझरला, हा प्रश्न मला फार वर्षे पडलेला होता.

आता शास्त्र काय म्हणते ते माझ्या कुवतीप्रमाणे सांगतो. मोठ्या माणसाचे शरीर स्वस्थ बसलेले असताना जेवढे इंधन जाळते, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. पाच वर्षांच्या आसपासच्या मुलात हाच वाटा निम्म्याहून अधिक असतो. म्हणजे लहान मुलाच्या घरात मेंदू हा मोठा खाणारा आहे. दुसरी गोष्ट लोहाची. लोह म्हणजे केवळ रक्ताचा लाल रंग नव्हे. मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारी जी द्रव्ये आहेत, त्यांतले डोपामाइन नावाचे द्रव्य लक्ष टिकविण्याच्या कामात महत्त्वाचे असते, आणि ते तयार होण्यासाठी लोह लागते. यंत्रात वंगण कमी पडले की यंत्र बंद पडत नाही, पण खडखड करते आणि मध्येच अडकते, तसे काहीसे.

हे केवळ तर्क नाहीत. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या शाळकरी मुलांना सुमारे दोन महिने लोहाच्या गोळ्या देऊन पाहिल्या. गोळी घेणारी मुले लक्ष आणि स्मरण यांच्या चाचण्यांत पुढे गेली. त्याहून मला आवडलेली गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे, आणि ती गोळीची नसून भाकरीची आहे. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून 'धनशक्ती' नावाचे बाजरीचे वाण काढले. त्यात लोह जास्त. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलामुलींचे दोन गट करून एका गटाला या बाजरीची आणि दुसऱ्याला साध्या बाजरीची भाकर दिवसातून दोनदा, सहा महिने खाऊ घातली. कोणाला कोणती भाकर हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरविले होते. आरंभी त्या मुलांतली शेकडा ४१ लोहाच्या बाबतीत तुटीत होती. सहा महिन्यांनी १४० मुलांच्या लक्षाच्या आणि आठवणीच्या चाचण्या झाल्या. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचे, अमुक खूण दिसली तर दाबायचे नाही, अशा त्या चाचण्या. लोहाची भाकर खाणारी मुले जास्त चपळ आणि कमी चुकणारी ठरली. हे २०१८ साली प्रसिद्ध झाले. कोणत्याही डब्यावर चष्मेवाल्या मुलाचे चित्र असते, पण बाजरीच्या पोत्यावर असे चित्र छापायला कोणी पैसे देत नाही.

येथे एक खाचखळगा आहे, तो नीट पाहून घ्या. ज्याच्या अंगात लोह कमी आहे त्याला लोह दिल्याने फरक पडतो. ज्याच्या अंगात पुरेसे आहे त्याला आणखी कोंबून बुद्धी वाढत नाही. उलट अपाय होतो. लोहाच्या गोळ्या लहान मुलाने खाऊ समजून मूठभर गिळल्या तर जिवावर बेतते, म्हणून त्या उंच फळीवर ठेवाव्यात. आणि आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ आहे. अशा मुलाचे रक्त कमी असण्याचे कारण वेगळे असते, आणि वारंवार रक्त भरावे लागलेल्या मुलाच्या अंगात लोह आधीच साचलेले असू शकते. म्हणून आधी तपासणी, मग गोळी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. डब्याच्या एका हप्त्याएवढाही खर्च येत नाही.

बरे, ही तूट किती घरांत आहे? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरांपैकी जवळजवळ ६९ मुलांत रक्त कमी आढळले. आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा ५४ च्या घरात होता. म्हणजे वाढला! काही जाणकार म्हणतात की बोटाच्या टोकाचे रक्त घेतल्यामुळे हा आकडा फुगतो. त्यांचेही ऐकू. शिरेतून रक्त घेऊन देशभर केलेल्या २०१६ ते १८ च्या पाहणीत एक ते चार वर्षांची शंभरांत ४१ आणि पाच ते नऊ वर्षांची शंभरांत २४ मुले रक्तक्षयी निघाली. हा धाकटा आकडाच घ्या. चाळीस मुलांच्या वर्गात नऊ-दहा मुले झाली. मास्तर ज्यांच्यावर खडू फेकतात ती बहुधा हीच.

आपल्या वऱ्हाडाचे ताट कसे बदलले ते तुम्हांला मी काय सांगावे? माझ्या लहानपणी गरिबाच्या घरी दुसरे काही नसले तरी ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि तोंडी लावायला जवसाची चटणी असे. आता शेतात सोयाबीन आहे, आणि ते बाजारात जाते, ताटात येत नाही. राशनवर गहू आणि तांदूळ मिळतो. गव्हाची पोळी खायला आम्हांलाही आवडते, पूर्वी ती सणालाच मिळे, त्यामुळे ज्वारीला कोणी मागासलेपणाची खूण मानले तर मी त्याला दोष देत नाही. दोष देतो तो चहाला. मी स्वतः दिवसाला सात-आठ कप पिणारा माणूस आहे, तेव्हा हे बोलताना जीभ अडखळते. पण चहातल्या तुरटपणाने अन्नातले लोह अंगी लागत नाही, ही पक्की गोष्ट आहे. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच मुलाला चहा देणे म्हणजे एका हाताने मजुरी देऊन दुसऱ्या हाताने दंड कापून घेणे. तास-दोन तास तरी अंतर हवे. उलट आंबट पदार्थ लोहाला आत घेतो. वरणावर लिंबू पिळा, उन्हाळ्यात कैरी द्या. आपल्या वरूड-मोर्शीचा संत्रा दूरदूर जातो, तो जेवणाबरोबर आपल्या पोराच्या हातातही पडू द्या. अंबाडीच्या भाजीवर आपल्या आज्या जवसाचे तेल ओतायच्या ते उगाच नव्हते.

जवसावरून माशांच्या तेलाची आठवण झाली. शहरांतल्या सुशिक्षित घरांत चंचल मुलांना माशांच्या तेलाच्या कुप्या देण्याची चाल आहे. त्यावर इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ प्रयोग झाले. सगळ्यांचा मेळ घातला तर फायदा दिसलाच तरी थोडका. जवसातही त्याच जातीचा स्निग्धांश असतो. मात्र शरीर त्याचे माशाच्या तेलात रूपांतर फारच थोडे करते. तेव्हा चटणी खा, चांगली लागते म्हणून खा. तिच्याकडून परीक्षेत पहिला नंबर मागू नका.

साखरेविषयीही एक समज आहे की गोड खाल्ले की मुले उधळतात. १९९४ साली अमेरिकेत एक चांगली परीक्षा झाली. काही मुलांना कित्येक आठवडे साखरेचे, तर काही आठवडे कृत्रिम गोडीचे खाणे दिले, आणि घरच्यांना कळू दिले नाही. वागण्यात फरक दिसला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगाची तर मोठी गंमत आहे. आयांना सांगितले की तुमच्या मुलाला साखर दिली आहे, प्रत्यक्षात दिलीच नव्हती, तरी त्यांना आपला मुलगा जास्त चंचल वाटला. साखर दातांना आणि भुकेला मारते, तेवढा तिचा गुन्हा पुरे. रंगांची गोष्ट मात्र वेगळी. १९७० च्या दशकात फाइनगोल्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी खाण्यातल्या कृत्रिम रंगांवर बोट ठेवले, तेव्हा त्यांना पुष्कळांनी हसून काढले. त्यांचे दावे फुगवलेले होतेच. पण २००७ साली इंग्लंडात साउथॅम्प्टनला तीन आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांवर नीट प्रयोग झाला, आणि काही रंगांच्या मिश्रणाने साध्या मुलांतही चंचलपणा किंचित वाढलेला आढळला. २०१० पासून युरोपात त्या सहा रंगांच्या मालावर, मुलांच्या चपळाईवर आणि लक्षावर याचा वाईट परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापावी लागते. त्या सहांतले चार रंग आपल्याकडे कायद्याने चालणाऱ्या यादीत आले, दहा लाख भागांत १०० भाग या मर्यादेत. जत्रेतल्या बर्फगोळेवाल्याजवळ मोजायला तराजू असतो काय? मात्र रंग बंद केले की प्रत्येक चंचल मूल ऋषीसारखे बसेल, असेही कोणी समजू नये. रंगीत पुडीवर जाणारे पाच रुपये फुटाण्यांवर किंवा शेंगदाण्यांवर गेले तर पोट भरते, हाच मोठा लाभ.

आता मी दुसऱ्या एका मुलाची गोष्ट सांगतो, नाहीतर भाकर दिली की सगळे झाले असा समज होईल. बडनेऱ्याकडचा आमचा एक रेल्वे हमाल होता. त्याचा मुलगा पोटभर खाणारा, अंगाने धडधाकट, रक्त उत्तम. पण मिनिटभर एका जागी नाही. वही हरवायची, चप्पल हरवायची, वाक्य अर्धे टाकून उठायचा, रस्त्यात न पाहता धावायचा. त्या पावडर प्रकरणानंतर मला आहाराचे नवे वेड लागले होते. मी त्या बापाला अंबाडी आणि अंडी सांगत राहिलो, आणि त्यात आमचे वर्ष गेले. शेवटी अमरावतीला मानसोपचार जाणणाऱ्या डॉक्टरांकडे नेले. लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा हा खरा विकार होता. हा विकार असलेली मुले जगात सगळीकडे आहेत, शंभरांत पाचएक तरी, श्रीमंतांच्या घरीही आहेत. त्यावर वागणुकीचे शिक्षण आहे, आईबापांना समजावणे आहे, आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी देण्याची औषधे आहेत. त्या मुलाला ती लागू पडली. त्याचे जे एक वर्ष गेले ते माझ्या अर्धवट ज्ञानामुळे गेले. बाप मला कधी बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

तेव्हा मास्तरांनी तक्रार केली तर क्रम असा असावा असे मला वाटते. मुलाला नीट दिसते का, नीट ऐकू येते का, रात्री झोप होते का, सकाळी पोटात काय जाते, रक्त किती आहे, हे आधी पाहावे. हे सगळे ठीक असूनही तक्रार उरली तर डॉक्टरांकडे जाण्यात लाज मानू नये. डोक्याच्या डॉक्टरकडे जाणारा येडा नसतो.

गोळ्यांविषयी एक अनुभव सांगतो. आपल्याकडे शाळांतून आठवड्याला एक लोहाची गोळी देतात. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, मोठ्या मुलामुलींना निळी. जोडीला वर्षातून दोनदा जंताची गोळी. जंत रक्त पितात, त्यामुळे ती गोळी दिल्याशिवाय लोहाचा भरणा गळक्या रांजणासारखा होतो. योजना चांगली आहे. पण एका शाळेत सोमवारी सकाळी आल्याआल्या गोळी वाटली. उपाशी पोटी मुलींना मळमळ झाली, दोघींना वांत्या झाल्या, आणि दुपारपर्यंत गावभर बोभाटा की पोरींना विष दिले. पुढे कितीतरी दिवस त्या गावात गोळ्या गटारात पडत होत्या. तोडगा आमच्या स्वयंपाकी बायांनीच काढला. त्या म्हणाल्या, "खिचडी झाल्यावर द्या ना, बाप्पा. आमी उभ्या राहतो." मुले मास्तरांच्या हातून गोळी लपवतात, पण वाढणाऱ्या मावशीसमोर गिळतात. तांदळाचेही तसेच झाले. २०२१ नंतर शाळेत आणि राशनवर लोह मिसळलेला तांदूळ येऊ लागला, शंभर दाण्यांत एखादा वेगळ्या रंगाचा दाणा. बायांनी प्लास्टिकचा समजून ते दाणे निवडून फेकले. दोष त्यांचा नव्हता. कोणी येऊन सांगितलेच नव्हते.

शेवटी खिचडीविषयी. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात ही योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडे पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शिजवलेले अन्न द्या, आणि मग चुली पेटल्या. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, असे माप ठरले. मापाला माझी हरकत नाही. माझी हरकत वेळेला आहे. ज्याने सकाळी काही खाल्ले नाही त्याला दीड वाजताची खिचडी म्हणजे पहिले जेवण, आणि गणिताचा तास तर अकराला असतो. सकाळी मूठभर फुटाणे-गूळ, किंवा एक केळे, शाळा भरताच द्यावे, ही मागणी आम्ही निवेदनांत लिहीत आलो आहोत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यास केळे, असे ठरविले तेव्हा आम्ही पेढे वाटले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला, आणि शाळांना सांगण्यात आले की लोकवर्गणीतून जमत असेल तर करा. वर्गणी त्या गावात जमते जेथे घरीच अंडे मिळते. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू पाड्यावर वर्गणी कोणाकडे मागायची?

आणि ते शिजविणाऱ्या बाईला काय मिळते? २००९ साली केंद्राने ठरविले महिन्याला १००० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. राज्याने त्यात वेळोवेळी भर घातली, मोर्चे काढल्यावर घातली. तरी ती मजुरी नाही, 'मानधन' आहे. ज्या शब्दात मान जास्त असतो त्यात धन कमी असते, हे आम्ही अनुभवाने शिकलो. शंभर-दोनशे मुलांना वाढून ती घरी जाते तेव्हा तिचे स्वतःचे मूल सकाळच्या चहा-टोस्टवर असते. त्या पहिल्या बाईचे तसेच होते.

तिच्या मुलाचे पुढे काय झाले ते विचारणार असाल. त्याला तीन-चार महिने लोहाचे औषध दिले, जंताची गोळी दिली. चहा बंद झाला नाही, उशिरावर गेला. कामाला निघण्याआधी ती आता रात्रीच्या भाकरीचा कुस्करा करून, वर दाणे घालून ठेवते. हिमोग्लोबिन अकराच्या पुढे गेले. मास्तर म्हणाले, पहिल्यापेक्षा बरा आहे, पण गणितात अजून कच्चाच. गणितात मीही कच्चाच होतो. यंदा तो आयटीआयला वायरमनच्या वर्गात आहे. त्या बारा बायांच्या डब्यांचे पैसे आम्ही संघटनेच्या पेटीतून थोडेथोडे परत केले. शेवटचा हप्ता मागच्या दिवाळीत फिटला.